लिस्बनची बालदी, कोर्दोबाच्या घंटा

दिवस पहिला : मुंबई ते लिस्बन

पहाटेचं विमान, मध्ये आखातात चार तासांचा थांबा आणि दुपारी लिस्बन. गटात आम्ही अडतीस जण. मी नाशिकची, सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. सोबत माझी थोरली बहीण. विमानतळावरच गटाने तिला 'ताई' आणि मला 'बाई' करून टाकलं. ताईला खरं तर स्वित्झर्लंडचा बर्फ बघायचा होता. पोर्तुगाल आणि स्पेन हा माझा हट्ट होता. ज्या देशांची नावं फळ्यावर इतकी वर्षं लिहिली, तिथली माणसं राहतात कशी, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

हॉटेलची खोली छान होती, पण न्हाणीघरात बादली नव्हती. अंगावर तांब्याने पाणी घेतल्याशिवाय ताईला अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. आमच्या मजल्यावर साफसफाई करणारी एक पोक्त बाई होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी 'बकेट' म्हटलं, हातांनी आकार करून दाखवला. तिने कचऱ्याचा डबा आणून ठेवला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून वसईच्या काकू बाहेर आल्या. "काय झालं बाई? बालदी हवीय का?"

ती बाई गर्रकन वळली. "बाल्द?" दोन मिनिटांत निळी प्लास्टिकची बालदी दारात हजर!

काकू थक्क झाल्या. "अगोबाई, हिला आपली भाषा येते की काय!" मी त्यांना सांगितलं, उलट आहे काकू, बालदी हा शब्दच यांच्याकडून आपल्याकडे आला, आणि आम्ही घाटावरच्या लोकांनी त्याची अक्षरं उलटीपालटी करून बादली केली. चावी, पगार, घमेलं, लिलाव, तुरुंग. ही यादी मी दरवर्षी मुलांना द्यायचे. मुलं ती पाठ करायची, पेपरात लिहायची. पण लिस्बनच्या बोळकांडीत तो शब्द कानावर पडला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी वसईच्या कुठल्याशा विहिरीवर कोणीतरी कोणाकडे बालदी मागितली असेल, त्यातून ही आमची आजची सोय झाली.

वसईच्या काका-काकूंची ओळख इथेच करून देते, कारण पुढे काकू पुन्हा येणार आहेत. दोघंही सत्तरीच्या आसपासचे, ख्रिस्ती, वसईच्या शेतीवाडीतले. घरात त्यांची बोली, आमच्याशी शुद्ध मराठी. काकूंच्या पर्समध्ये जपमाळ आणि डब्यात सुकेळी.

दिवस दुसरा : बेलें

सकाळी ताग नदीच्या काठाने बेलेंला गेलो. पोर्तुगीज या नदीला तेजो म्हणतात. इथे ती इतकी रुंद आहे की समुद्रच वाटते, आणि समुद्र आहेही जवळच. 1497 मध्ये वास्को द गामाची जहाजं इथूनच निघाली.

जेरोनिमोस मठाचं काम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, प्रवाळ, जहाजांवरची उपकरणं. समुद्रावर जगणाऱ्या लोकांनी देवाच्या घरालाही जहाजाचे दोर बांधले आहेत. ही शैली त्यांच्या मॅन्युएल राजाच्या नावाने ओळखली जाते. आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, समोर कवी कामोइशची. हा मठ कशाच्या पैशावर उभा राहिला, ते आमच्या गाईडने सांगितलं : पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्याच्या व्यापारावर पाच टक्के कर होता, त्यातून. म्हणजे या खांबांत मलबारची मिरी आहे. मी हात लावून बघितला. थंडगार, फिकट पिवळसर चुनखडीचा दगड.

नदीकाठी दर्यावर्दींचं 52 मीटर उंचीचं स्मारक आहे. त्याच्या समोरच्या जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा काढलाय, कोण कुठे कधी पोचलं त्याची सालं घालून. पोरं त्यावर उड्या मारत होती. मी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. 'शोध' हा शब्द मला वर्गातही खटकायचा आणि इथेही खटकला. 1498 मध्ये कालिकत हे अरब, गुजराती, चिनी माल भरलेलं गजबजलेलं बंदर होतं. ते हरवलेलं नव्हतं, तर सापडेल कुठून? पण इतक्या लहान देशातल्या माणसांनी इतक्या लहान जहाजांतून केलेलं धाडस, तेही खरंच. दोन्ही गोष्टी मी मुलांना सांगायचे, आणि आता स्वतःलाही सांगितल्या.

मठाशेजारी 1837 पासून चालू असलेलं दुकान आहे, तिथे अंड्याच्या क्रीमचे छोटे गोल पेस्ट्रीसारखे 'पाश्तेल' मिळतात. वर दालचिनीची पूड भुरभुरवून गरम खायचे. ताई अंडं खात नाही. तिने पिशवीतून ठेपला काढला आणि त्यावर ती दालचिनीची पूड घालून खाल्ली. चांगली लागली म्हणाली.

संध्याकाळी अठ्ठावीस नंबरच्या जुन्या ट्रामने आल्फामा. चढाचे अरुंद रस्ते, दोरीवर वाळत घातलेले कपडे. गर्दीत कोल्हापूरच्या काकांचं पाकीट गेलं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होता म्हणून निभावलं, पण पोलीस ठाण्यात दोन तास गेले. जाणाऱ्यांना मनापासून सांगते : या ट्राममध्ये पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, गळ्यात अडकवा.

दिवस तिसरा : मंडई, सिंत्रा

सकाळ मोकळी होती. काकू, ताई आणि मी भाजीबाजारात गेलो. पाट्या वाचत गेलो आणि तिघींनाही हसू आवरेना. बटाट्यावर 'बताता', कोबीवर 'कोव्ह', अननसावर 'अननाश', सुक्या मेव्यात 'काजू'. पावाच्या दुकानात 'पांव'. काकूंनी नाकातून उच्चार बरोबर केला, दुकानदारीण खूश होऊन तिने एक छोटा पाव तसाच हातावर ठेवला. बटाटा, काजू, अननस, मिरची हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांवरून आपल्याकडे आलं. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे यांच्याआधी आपल्याकडे वडापाव नव्हताच. वडाही नाही, पावही नाही, मिरचीही नाही." मी इतिहासाची शिक्षिका, पण इतकं थेट मला कधी सुचलं नव्हतं.

दुपारी सिंत्राचा रंगीत राजवाडा आणि युरोपच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेचं टोक, काबो दा रोका. वारा इतका की बोलता येईना. फोटो काढले आणि परतलो.

लिस्बनबद्दल एक सांगायचं राहिलं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनेला गेलेले असताना भूकंप झाला. मग आग, मग समुद्राची लाट. खालचं शहर पुन्हा सरळ रेषांत बांधलं, पण कार्मो मठाच्या छपराच्या कमानी तशाच उघड्या आहेत. खालून वर बघितलं की कमानींच्या बरगड्यांमधून आकाश दिसतं. चर्चच्या मधोमध ऊन पडतं. काकू तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

दिवस चौथा : एव्होरा मार्गे सेव्हिल

आज बसचा दिवस. आलेंतेजू प्रांतातून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुचाची झाडं. खोडाची साल काढलेली, आतलं लाल-तपकिरी अंग उघडं, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. साल एकदा काढली की नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही, म्हणून ज्या वर्षी काढली त्याचा शेवटचा आकडा झाडावरच लिहून ठेवतात. वसईचे काका शेतकरी. त्यांनी गाडी थांबवायला लावली, खोडावर हात फिरवला, "नऊ वर्षं थांबायचं म्हणजे धीर पाहिजे," म्हणाले.

एव्होरात हाडांचं प्रार्थनाघर आहे. भिंती, खांब, सगळं मानवी हाडं आणि कवट्यांनी मढवलेलं. दारावर लिहिलंय : आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. गटातल्या निम्म्या लोकांनी आत जायला नकार दिला. मला ते भीतीदायक वाटलं नाही. स्मशानातून घरी आल्यावर जसं वाटतं, तसं शांत वाटलं.

सीमेवर कोणी अडवलं नाही. फक्त घड्याळ एक तास पुढे गेलं.

दिवस पाचवा : सेव्हिल

बसमधून उतरलो आणि वास आला. संत्र्याचा मोहोर. रस्त्यावर दुतर्फा कडू संत्र्याची झाडं, एकाच फांदीवर पांढरी फुलं आणि मागच्या हंगामाची फळं. एप्रिलचा पहिला आठवडा गाठल्याचं सार्थक झालं.

सेव्हिलच्या कॅथीड्रलच्या जागी, इथे मुस्लिम राजवट होती तेव्हा, मोठी मशीद होती. 1401 मध्ये नव्या बांधकामाचं ठरलं, मशीद गेली, पण तिचा मिनार ठेवला. तोच हिराल्दा. 1184 मध्ये सुरू झालेला आणि 1198 मध्ये पूर्ण झालेला हा मिनार चढायला पायऱ्या नाहीत, उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. पस्तीस उतार, प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा. ताई सदुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात. पण पायऱ्या नाहीत म्हटल्यावर निघाली. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत गेली. शेवटी थोड्या पायऱ्या लागल्या, तिथे कठड्याला धरून चढली. वर सोळाव्या शतकात बांधलेला घंटांचा मजला. आम्ही घंटांच्या बरोबर खाली उभे होतो आणि तास पडला. आवाज कानात नाही, छातीत वाजतो.

खाली कोलंबसची शवपेटी चार राज्यांच्या चार पुतळ्यांच्या खांद्यांवर आहे. सगळे तिथे गर्दी करतात. मला मात्र कास्तिलचा ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसरा याचं थडगं जास्त बघायचं होतं. याने 1236 मध्ये कोर्दोबा आणि 1248 मध्ये सेव्हिल जिंकलं. त्याच्या कबरीवरचा मजकूर चार भाषांत आहे : लॅटिन, कास्तिलियन, अरबी आणि हिब्रू. आमच्या कार्यक्रमात त्या भागासाठी वेळ नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी आल्कासार राजवाडा. चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांकडून बांधून घेतला, आणि भिंतींवर त्याचीच स्तुती अरबीत कोरलेली आहे. संध्याकाळी फ्लामेंको. नाचणारीच्या टाचांचा ठेका ऐकून ताईचा पाय आपोआप हलायला लागला. ती लहानपणी कथक शिकली होती.

दिवस सहावा : कोर्दोबा

या एका दिवसासाठी मी ही सहल घेतली असती तरी चाललं असतं. आमच्या वाट्याला कोर्दोबाच्या जुन्या मशिदीत फक्त दीड तास आला. कुठल्याही कंपनीची सहल घ्या, पण आधी विचारा, कोर्दोबात किती वेळ. अर्धा दिवस तरी हवा.

बाहेरून नुसती उंच भिंत आणि संत्र्यांचं अंगण. आत पाऊल टाकलं की खांब. जिकडे बघाल तिकडे खांब, 850 हून जास्त. त्यांवर लाल वीट आणि फिकट दगड आळीपाळीने बसवलेल्या कमानी, एकावर एक दोन. दोन का, तर खांब जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून आणलेले, उंचीला अपुरे. छत उंच करायचं तर कमानीवर कमान चढवली. अडचणीतून एवढं सौंदर्य निघालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. इथला मुस्लिम अमीर पहिला अब्द अल-रहमान याने आठव्या शतकाच्या शेवटी काम सुरू केलं, आणि पुढची दोनशे वर्षं ते वाढत गेलं.

आणि मग, या खांबांच्या मधोमध अचानक उजेड. उंच घुमट, पांढरं छत, वेदी. 1523 मध्ये मशिदीचं पोट फोडून आत कॅथीड्रल बांधायला घेतलं. शहराचे कारभारी स्वतः ख्रिस्ती होते, पण त्यांनी विरोध केला. जो कारागीर इथे पाडकाम करील त्याला मृत्युदंड, असा हुकूम काढला. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने निकाल दिला आणि काम झालं. मला त्या कारभाऱ्यांबद्दल फार आदर वाटला. आपल्या धर्माची इमारत नको म्हणायला किती धैर्य लागलं असेल.

मग गाईडने घंटांची गोष्ट सांगितली. 997 मध्ये कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर याने उत्तरेच्या सांतियागोवर स्वारी केली. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून इथे आणल्या. मशिदीत त्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये फर्नांदोने शहर जिंकलं, आणि त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून सांतियागोला परत पाठवल्या.

कानातल्या यंत्रात गाईड पुढे बोलत होता, पण मला ऐकू येईना. मी नाशिकची. गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या दारावर जी घंटा आहे, ती बघत मोठी झालेली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयाची खूण म्हणून आपापल्या देवळांत नेल्या. एक भीमाशंकरला, एक आमच्या पंचवटीत. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरं आहेत आणि 1721 हे साल. दरवर्षी मी सहावीच्या मुलांना तिच्याखाली उभं करून वसईचा विजय सांगायचे. आवाज चढवून सांगायचे. तो विजय खरा होता, पोर्तुगीजांचा जुलूमही खरा होता, आणि वसईच्या तटाखाली पडलेली हजारो मराठी माणसंही खरी होती. यातलं काहीच मी मागे घेत नाही. पण ही घंटा काढून नेली त्या दिवशी, तिच्या आवाजावर उठणाऱ्या-बसणाऱ्या गावातल्या माणसांना काय वाटलं असेल, हे मी एकाही वर्गाला विचारलं नाही.

आणि त्या गावच्या काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या.

मी त्यांना सांगितलं. सगळं. खांबाच्या बुडाशी टेकून, फोनवरचा घंटेचा फोटो दाखवत. काकूंनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला. अक्षरांवर बोट फिरवलं. मग विचारलं, "वाजते अजून?"

मी म्हटलं, घंटा जागेवर आहे काकू, शाबूत आहे.

"जपली ना तुम्ही. वितळवून तोफ नाही केली." एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने काकांना हाक मारून त्यांनाही फोटो दाखवला. त्यांच्या बोलीत दोघं काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

रात्री ग्रानादाला पोचलो. जेवणात राजमा-भात होता.

दिवस सातवा : ग्रानादा

आल्हांब्रा म्हणजे टेकडीवरचा मुस्लिम सुलतानांचा किल्ला आणि राजवाडे. तिथली तिकिटं नावावर असतात, सुलतानांच्या नासरी महालात शिरायची वेळ मिनिटावर ठरलेली असते आणि दारात पासपोर्ट तपासतात. आमच्यातल्या एकांनी तो बसमध्ये ठेवला होता. धावपळ झाली.

इथे बघायचं ते पाणी. दारो नदीचं पाणी सहा किलोमीटरांवरून पाटाने आणून टेकडीवर खेळवलं आहे. बारा संगमरवरी सिंहांच्या तोंडून, पायऱ्यांच्या कठड्यांतल्या पन्हळीतून, खोलीतल्या फरशीतून ते वाहतं. मागे सिएरा नेवादाच्या डोंगरावर बर्फ. ताईला अखेर बर्फ दिसला! ती बाकावर बसून तो बघत राहिली, आणि मी भिंती. भिंतींवर एकच वाक्य शेकडो वेळा कोरलंय : अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. इथल्या शेवटच्या सुलतानाने 2 जानेवारी 1492 ला किल्ल्या दिल्या. त्याच वर्षी 31 मार्चला याच आल्हांब्रातून ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला.

किल्ल्याच्या बुरुजावर एक मोठी घंटा आहे. दर 2 जानेवारीला गावातल्या लग्नाच्या मुली रांग लावून ती वाजवतात, वर्षभरात लग्न जमतं म्हणून. कोल्हापूरच्या वहिनींनी लगेच मुलीला फोन लावला.

दिवस आठवा : तोलेदो

उत्तरेकडे लांबचा प्रवास, ला मांचाच्या सपाट रानातून. दुपारी टेकडीवरचं तोलेदो. तिन्ही बाजूंनी खोल दरीतून वाहणारी नदी. कुठली म्हणून विचारलं, तर ताग! लिस्बनला समुद्रासारखी दिसलेली तीच. आपण दोन देश फिरून तिच्या उगमाकडे आलो होतो.

शाळेच्या बाईला इथे यायलाच हवं होतं. बाराव्या शतकात या गावात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम विद्वान एकमेकांशेजारी बसायचे. त्या काळी अशाच भाषांतरांतून आपल्याकडची अंकपद्धती, शून्यासकट, युरोपच्या शाळांत पोचली. सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बघितलं : बांधलं ज्यूंनी, कमानी मुस्लिम धाटणीच्या, नाव ख्रिस्ती. कॅथीड्रलच्या मनोऱ्यात 1753 सालची अवाढव्य घंटा आहे, तिला तडा गेलेला आहे.

दिवस नववा : माद्रिद, परत

प्रादो हे चित्रसंग्रहालय घाईत, पिकासोचं 'गेर्निका' मात्र निवांत बघितलं. त्यात रंग नाही, हे चित्रासमोर उभं राहिल्यावर जाणवतं.

विमानतळावर काकूंनी सुकेळीचा उरलेला पुडा माझ्या पिशवीत कोंबला आणि वहीत माझा नंबर लिहून घेतला. "बाई, वसईहून नाशिकला यायचं तर गाडी कुठे बदलायची?"

मी म्हटलं, कल्याणला बदला, स्टेशनवर मी येते. पण पावसाळ्याआधी या. गोदेला पाणी आलं की घंटेखाली उभं राहता येत नाही.